औषधाची पेटी आणि माफीचा कागद

कॅनडा नावाचा देश १ जुलै १८६७ रोजी अस्तित्वात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथले डॉक्टर क्वेबेक शहरात जमले आणि त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना काढली, कॅनेडियन मेडिकल असोसिएशन. पहिले अध्यक्ष झाले डॉ. चार्ल्स टपर. रुग्णांपेक्षा राजकारणात जास्त रमलेले हे गृहस्थ देश घडवणाऱ्या पुढाऱ्यांपैकी एक, नंतर मंत्री आणि १८९६ मध्ये ६९ दिवसांचे पंतप्रधान. मूळ रहिवाशांच्या मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घालायचं धोरण १८८३ मध्ये सरकारने पश्चिमेकडे पक्कं केलं, तेव्हा टपर त्याच मंत्रिमंडळात होते. सरकार वेगळं आणि डॉक्टर वेगळे, असं म्हणायची सोय या इतिहासात पहिल्या पानापासूनच नाही.

१५७ वर्षांनी, १८ सप्टेंबर २०२४ रोजी, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या व्हिक्टोरिया शहरात याच संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्षा डॉ. जॉस रायमर यांनी फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या तिन्ही मूळ समाजांची जाहीर माफी मागितली. वेगळी इस्पितळं, संमतीशिवाय केलेले प्रयोग, लादलेल्या नसबंदी शस्त्रक्रिया, आयांपासून काढून घेतलेली मुलं, पारंपरिक उपचारांची गळचेपी आणि आजही दवाखान्याच्या दारात भेटणारा वंशभेद, हे सगळं त्या कागदात होतं. डॉक्टरांनी जे केलं त्याबद्दल माफी होती, आणि जे करायला हवं असताना केलं नाही त्याबद्दलही. या माफीआधी संघटनेने एक काम केलं होतं, ते मला माफीइतकंच मोलाचं वाटतं. तिने स्वतःची दीडशेहून अधिक वर्षांची दप्तरं उघडून वाचली. आपल्याच अंकांत, आपल्याच सभांच्या वृत्तांतांत आपण या लोकांविषयी काय छापलं, काय बोललो आणि कुठे गप्प बसलो, हे शोधलं. दुसऱ्याचं दप्तर तपासायला उत्साह लागतो. स्वतःचं तपासायला काय लागतं, ते कुठल्याही संस्थेच्या कार्यकारिणीत बसलेल्या माणसाला ठाऊक असतं.

या सगळ्या प्रक्रियेला कॅनडात ‘रिकन्सिलिएशन’ हा जो शब्द वापरतात, त्याला मराठीत सहसा ‘समेट’ म्हणतात. मला तो शब्द जरा खटकतो. समेट भांडणानंतर होतो आणि भांडायला दोन बाजू लागतात. ‘सलोखा’ म्हणावं, तर पूर्वी कधीतरी तो होता असं गृहीत धरावं लागतं. त्यापेक्षा बँकेत वहीतली आणि पासबुकातली शिल्लक जुळवून पाहतात, फरक कुठे पडला ते ओळीओळीने शोधतात, तो ताळमेळ या कामाच्या जास्त जवळ जातो. चला तर, ओळी पाहू.

पहिली ओळ १८७६ सालची. त्या वर्षी क्री लोकांनी ब्रिटिश राणीच्या प्रतिनिधींशी फोर्ट कार्लटन आणि फोर्ट पिट इथे करार केला. कॅनडाच्या इतिहासात तो सहावा करार म्हणून ओळखला जातो. रानगवे संपत चालले होते, देवीच्या साथीने माणसं मेली होती. क्री पुढाऱ्यांनी वाटाघाटीत आग्रह धरून एक कलम घालून घेतलं: सरकारी एजंटाच्या घरी औषधांची पेटी ठेवली जाईल आणि ती या लोकांसाठी असेल. क्री लोकांच्या मते ही पेटी म्हणजे आरोग्यसेवेचं वचन. सरकारच्या मते पेटी म्हणजे पेटी. १९६६ मध्ये सस्कॅचेवानच्या अपील न्यायालयानेही शब्दशः अर्थच धरला. लाकडी, झाकणाची, आत बाटल्या असलेली.

त्याच १८७६ साली ‘इंडियन ॲक्ट’ आला. (इथे ‘इंडियन’ म्हणजे आपण नव्हे. कोलंबसाची चूक कॅनडाच्या कायद्याच्या पुस्तकात अजूनही तशीच आहे.) त्यात तरतूद होती की एखादा इंडियन डॉक्टर झाला, वकील झाला किंवा पाद्री झाला, तर तो आपोआप इंडियन राहणार नाही. त्याला नागरिकत्वाचे हक्क मिळतील आणि आपल्या लोकांमधलं कायदेशीर स्थान जाईल. डॉक्टर व्हा आणि घरचा दरवाजा बंद करून घ्या, असा हा सौदा. ही सक्ती पुढच्या काही वर्षांत सैल झाली, पण तिच्यामागचा विचार सैल झाला नाही. पीटर एडमंड जोन्स हे ओजिब्वे गृहस्थ १८६६ मध्येच, म्हणजे डॉक्टरांची संघटना निघायच्या आदल्या वर्षी, वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडले होते. तेव्हा ‘या लोकांत डॉक्टर होतील अशी माणसंच नव्हती’ हे म्हणणंही टिकत नाही. आज देशाच्या लोकसंख्येत मूळ रहिवासी सुमारे ५ टक्के आहेत आणि डॉक्टरांमध्ये १ टक्क्याहून कमी.

आता त्या निवासी शाळा. एकूण दीड लाखाहून अधिक मुलं त्यांतून गेली. चर्चच्या संस्थांनी चालवलेल्या आणि सरकारने पैसा पुरवलेल्या या शाळांपैकी शेवटची १९९७ मध्ये बंद झाली. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या काही माणसांना तिथलं जेवणघर आठवतं.

१९०७ मध्ये सरकारचेच प्रमुख वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांनी पश्चिमेकडच्या ३५ शाळा पाहिल्या. हे साधेसुधे डॉक्टर नव्हते. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य संघटनेचं अध्यक्षपद भूषवलेला माणूस. त्यांनी मुख्याध्यापकांकडून आकडे मागवले. ज्यांनी उत्तरं दिली, त्यांच्या पटावरच्या १५३७ मुलांपैकी जवळपास चौथा हिस्सा मेलेला निघाला. फाइल हिल्स इथल्या शाळेने सगळ्यांत काटेकोर माहिती दिली होती, तिथे शाळा सोडून गेलेल्यांपैकी ६९ टक्के मरण पावले होते. कारण बहुतेक वेळा क्षय. आणि तो का पसरतो हे ब्राइस यांनी कोडं सुटल्यासारखं मांडलं होतं: खिडक्या थंडीमुळे महिनोन्‌महिने बंद, खाटा एकमेकांना चिकटून, आणि सरकारी अनुदान डोईमागे, त्यामुळे खोकणाऱ्या आजारी मुलालाही भरती करून घेण्यात शाळेचा फायदा. उपाय अवघड नव्हते. हवा खेळती ठेवा, आजारी मूल तपासून वेगळं ठेवा, आरोग्याची जबाबदारी चर्चकडून काढून सरकारने घ्या. ओटावाच्या वर्तमानपत्राने ती बातमी छापली. सबब एवढीच उरली होती की कोणाला माहीत नव्हतं, आणि १५ नोव्हेंबर १९०७ च्या त्या अंकानंतर तीही उरली नाही.

पुढे मूळ रहिवाशांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याची सूत्रं डंकन कॅम्बेल स्कॉट यांच्या हाती आली. गंमत म्हणावी तर हे कवी होते आणि कॅनडाच्या वाङ्मयात त्यांना आजही जागा आहे. त्यांनी ब्राइस यांच्या तपासण्या थांबवल्या, मग १९२१ मध्ये ब्राइस यांना सक्तीने निवृत्त केलं गेलं. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतः एक पुस्तिका छापली. तिच्या नावातच त्यांनी या प्रकाराला राष्ट्रीय गुन्हा म्हटलं. एका डॉक्टरने सगळं सांगून झालं होतं. तरी शाळा चालूच राहिल्या, आणि त्यांतल्या खाटाही.

या गप्प बसण्यापेक्षा भयानक वाटणारा भाग १९४० च्या दशकातला आहे. १९४२ मध्ये डॉ. पर्सी मूर आणि डॉ. फ्रेडरिक टिस्डल मॅनिटोबाच्या उत्तरेला नॉर्वे हाउस आणि क्रॉस लेक या वस्त्यांवर गेले. त्यांना भूक दिसली. लोक खंगलेले, मुलं निस्तेज. पाहणाऱ्याच्या हातात शिधा असता तर त्याने तो वाटला असता. या डॉक्टरांना तिथे संशोधनाचा विषय दिसला. जवळपास ३०० माणसं निवडून १२५ जणांना जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि उरलेल्यांना तुलनेसाठी तसंच ठेवलं. टिस्डल म्हणजे टोरांटोच्या बाल रुग्णालयातले नामवंत, ‘पॅब्लम’ हे तान्ह्या बाळांचं पौष्टिक अन्न शोधणाऱ्यांपैकी एक. मुलांच्या पोषणाविषयी त्या देशात त्यांच्याहून जास्त जाणणारी माणसं फार थोडी होती. जाणण्याने माणूस आपोआप कळवळत नाही, याचा इतका ढळढळीत दाखला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

१९४८ ते १९५२ या काळात असे प्रयोग सहा निवासी शाळांत झाले. सूत्रधार डॉ. लायनेल पेट. कॅनडाच्या शाळाशाळांत भिंतीवर टांगलेले ‘काय खावं’ याचे सरकारी नियम त्यांनीच तयार केले होते. ब्रिटिश कोलंबियातल्या अल्बर्नी शाळेत मुलांना मिळणारं दूध त्या नियमांच्या निम्म्याहूनही कमी होतं. ते लगेच वाढवलं तर ‘आधीची स्थिती’ मोजता येणार नाही, म्हणून दोन वर्षं तेवढंच ठेवलं. मुलांच्या दातांवर उपचार करणंही थांबवलं, कारण हिरड्या हेच मोजमाप होतं आणि त्या सुधारल्या असत्या तर निष्कर्ष बिघडले असते. एका शाळेला काहीच वेगळं दिलं नाही, ती तुलनेची शाळा. आईबापांना कोणी विचारलं नाही. न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर माणसांवरच्या प्रयोगांचे नियम जगापुढे आले ते १९४७ मध्ये, आणि हे सुरू झालं पुढच्या वर्षी. त्या नियमांत पहिली अट माणसाच्या संमतीची होती.

हे सगळं जाहीर झालं ते २०१३ मध्ये, इयन मॉस्बी या इतिहासकाराच्या लेखामुळे. कागद कुठल्या तळघरात लपवलेले नव्हते, ते सरकारी अभिलेखागारात रीतसर होते. कुणी मागितले नव्हते.

वेगळ्या इस्पितळांची गोष्टही क्षयाशीच बांधलेली आहे. गोऱ्या वस्त्यांना या लोकांपासून लागण होईल या धास्तीने सरकारने ‘इंडियन हॉस्पिटल’ नावाची स्वतंत्र रुग्णालयं उभारली. एडमंटनचं चार्ल्स कॅम्सेल १९४६ मध्ये सुरू झालं. १९६० पर्यंत अशी २२ रुग्णालयं आणि सुमारे २२०० खाटा झाल्या. १९५३ च्या नियमांनी उपचार नाकारणं किंवा इस्पितळातून निघून जाणं हा गुन्हा ठरवला. एखाद्या माणसाला आजार आणि अटक एकाच कागदावर मिळावी, अशी ही व्यवस्था. मुलांनी खाटेवरून उतरू नये म्हणून त्यांचे पाय प्लास्टरमध्ये घातल्याचं तिथून बाहेर आलेल्यांनी पुढे सांगितलं.

उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांकडे इस्पितळ जहाजातून गेलं. १९५० पासून ‘सी. डी. हाउ’ हे सरकारी जहाज दर उन्हाळ्यात वस्त्यांच्या किनाऱ्याला लागायचं. लोक चढायचे, एक्स-रे निघायचा, आणि ज्याच्या छातीत डाग दिसला त्याला पुन्हा किनाऱ्यावर जाऊ देत नसत. घरी जाऊन निरोप घ्यायचा, चार कपडे घ्यायचे, कुत्र्यांची सोय लावायची, काही नाही. जहाज दक्षिणेला निघून जायचं. १९५६ साली दर सात इन्युइट माणसांमागे एक दक्षिणेतल्या क्षयरुग्णालयात होता. कितीजण परत आले नाहीत आणि ते कुठे पुरले गेले, हे घरच्यांना अनेकदा कधीच कळलं नाही. सरकारने या लोकांना कागदोपत्री क्रमांक दिले होते, नावं ऐकून लिहिली तर ती दर नोंदवहीत निराळी. त्यामुळे कबरींचा शोध आजही चालू आहे. ८ मार्च २०१९ रोजी पंतप्रधान ट्रुडो यांनी इकालुइटला जाऊन याबद्दल माफी मागितली. क्षय मात्र गेलेला नाही. इन्युइट प्रदेशातलं क्षयाचं प्रमाण कॅनडात जन्मलेल्या इतर लोकांच्या तुलनेत जवळपास ३०० पट असल्याचं अलीकडच्या काळातच मोजलं गेलं आहे.

आपल्याकडे बाळंतपणाला बाई माहेरी जाते. उत्तरेतल्या वस्त्यांवरची गरोदर बाई दिवस भरत आले की विमानाने शेकडो किलोमीटर दूरच्या शहरात पाठवली जाते, बहुतेकदा एकटी. तिथल्या वसतिगृहात ती आठवडेच्या आठवडे कळांची वाट पाहते. ही पद्धत सुरक्षिततेसाठी आली आणि तिने गावातल्या सुइणी संपवल्या. हडसन उपसागराच्या काठच्या पुविर्नितुक गावाने १९८६ मध्ये हे उलटं फिरवलं. तिथे प्रसूतिगृह निघालं आणि इन्युइट बायकाच सुइणीचं शिक्षण घेऊन ते चालवू लागल्या. डॉक्टरांनी माफी मागण्याच्या कितीतरी आधीचं हे काम. म्हणूनच मला ते मोठं वाटतं. इथे कुणी कुणाला क्षमा केली नाही, अधिकार हातातून हातात गेला.

‘हे सगळं आजोबांच्या काळातलं’ असं म्हणणाऱ्यांसाठी दोन नावं कॅनडातल्या वैद्यकीय वर्गांत आता घेतली जातात. विनिपेगमध्ये २००८ च्या सप्टेंबरात ब्रायन सिंक्लेअर हे ४५ वर्षांचे, दोन्ही पाय गमावलेले गृहस्थ चाकाच्या खुर्चीत बसून एका मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आले. मूत्राशयाला संसर्ग झाला होता, औषध साधं होतं. ३४ तास ते प्रतीक्षागृहात बसून राहिले आणि तिथेच मेले. समोरून जाणाऱ्यांना ते दारू प्यायलेले किंवा निवाऱ्यासाठी आलेले वाटले, असं चौकशीत पुढे आलं. दुसरं नाव जॉयस एशाक्वान. आटिकामेक समाजातल्या, मानावानच्या, ३७ वर्षांच्या, सात मुलांच्या आई. २८ सप्टेंबर २०२० रोजी क्वेबेकमधल्या जोलिएटच्या रुग्णालयात वेदनेने कळवळत असताना त्यांनी फोनवर थेट प्रक्षेपण सुरू केलं. खोलीतल्या कर्मचाऱ्यांनी त्यांची केलेली हेटाळणी देशाने ऐकली. त्याच दिवशी त्या गेल्या. न्यायवैद्यक अधिकारी जेहान कामेल यांनी नंतरच्या अहवालात वंशभेद आणि पूर्वग्रह यांचा या मृत्यूत हात असल्याचं नोंदवलं. त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबियात झालेल्या पाहणीत ८४ टक्के मूळ रहिवाशांनी आरोग्यसेवेत आपल्याला भेदभावाचा अनुभव आल्याचं सांगितलं.

इथे डॉक्टरी कौशल्य कमी पडलं नव्हतं. मग काय कमी पडलं, यासाठीचा शब्द कॅनडाने न्यूझीलंडकडून उसना घेतला आणि तो शब्द घडला परिचारिकांमध्ये. १९८० च्या दशकाच्या अखेरीस माओरी परिचर्या विद्यार्थिनींची एक बैठक चालली होती. रुग्णाची शारीरिक सुरक्षा, कायदेशीर सुरक्षा, नैतिक सुरक्षा, सगळ्यांवर बोलणं झालं. तेव्हा पहिल्या वर्षातल्या एका मुलीने विचारलं, की मग सांस्कृतिक सुरक्षेचं काय? इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने त्या प्रश्नाला पुढे विचाराचं रूप दिलं आणि १९९२ मध्ये न्यूझीलंडच्या परिचर्या परिषदेने तो शिक्षणात आणला. वर्तमानपत्रांत टीकेची झोड उठली, प्रकरण संसदेच्या समितीपर्यंत गेलं. यातली मेख अशी: परिचारिकेने माओरी चालीरीती पाठ कराव्यात असं रॅम्सडेन म्हणत नव्हत्या. आपण स्वतः कुठून आलो, आपल्या हातात किती सत्ता आहे आणि समोरच्याला आपली भीती का वाटते, हे तिने ओळखावं, एवढंच म्हणत होत्या. आणि सेवा सुरक्षित होती की नाही हे ठरवणार रुग्ण, परिचारिका नव्हे. टीकाकारांना झोंबलं ते हे शेवटचं वाक्य.

मराठी वाचकाला इथे गडचिरोली आठवणार. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी शोधग्राममध्ये दवाखाना बांधायचा ठरवलं तेव्हा गोंड लोकांना विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना आत राहू देत नाहीत, अशी उत्तरं आली. म्हणून तिथे इमारतीऐवजी झोपड्यांसारखी घरं आली आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. सांस्कृतिक सुरक्षा हा शब्द वापरल्याशिवायही ती बांधता येते.

कॅनडात शाळांविषयीच्या सत्यशोधन आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. न्यायमूर्ती मरी सिंक्लेअर अध्यक्ष होते, साडेसहा हजारांहून अधिक लोकांची साक्ष झाली होती. त्यांतल्या १८ ते २४ या आरोग्याविषयीच्या. चोविसावी म्हणते, प्रत्येक वैद्यकीय आणि परिचर्या विद्यार्थ्याने हा इतिहास शिकलाच पाहिजे. बाविसावी पारंपरिक उपचारांचं मोल मान्य करायला सांगते. मग एकेक संस्था पुढे येऊ लागली. ऑस्ट्रेलियाच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ मध्येच तिथल्या मूळ रहिवाशांची माफी मागितली होती. ब्रिटिश कोलंबियातल्या डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते आणि दंतवैद्य यांच्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या चार संस्थांनी २०२१ मध्ये, कॅनडाच्या परिचारिका संघटनेने २०२२ मध्ये. डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेला २०२२ साली पहिला मूळ रहिवासी अध्यक्ष मिळाला, अल्बर्टातले भूलतज्ज्ञ डॉ. अलिका लाफाँटेन. माफीची प्रक्रिया त्यांच्याच काळात, जून २०२३ मध्ये जाहीर झाली. दीडशे वर्षं वाट पाहून आलेल्या पहिल्या माणसालाच हे काम सुरू करावं लागलं, याचं कौतुक करावं की खेद मानावा, मला ठरवता आलेलं नाही.

आता एक अप्रिय बाब. या संघटनेची सभासदत्वाची सक्ती नाही. डॉक्टरचा परवाना देणं आणि काढून घेणं प्रांतांच्या नियामक मंडळांच्या हाती आहे, रुग्णालयं प्रांतांच्या सरकारांकडे, आणि फर्स्ट नेशन्सच्या आरोग्याचा खर्च बऱ्याच अंशी केंद्राकडे. म्हणजे माफी मागणाऱ्याच्या हातात आपत्कालीन विभागाच्या दाराची किल्ली नाही. या वाटण्यांतल्या फटीत काय होतं, ते जॉर्डन रिव्हर अँडरसन या मुलाच्या बाबतीत दिसलं. नॉर्वे हाउसचा क्री मुलगा, तेच नॉर्वे हाउस जिथे टिस्डल गेले होते. गुंतागुंतीचा आजार घेऊन जन्मला, रुग्णालयातून घरी जायला तयार झाला. घरच्या काळजीचा खर्च कोणी द्यायचा यावर केंद्र आणि प्रांत यांचा वाद दोन वर्षांहून अधिक चालला आणि २००५ मध्ये पाच वर्षांचा जॉर्डन रुग्णालयातच गेला. घराचा उंबरा त्याने पाहिला नाही. आधी मुलाला सेवा द्या, बिलाचं भांडण मागाहून भांडा, या तत्त्वाला आता त्याचं नाव आहे आणि २००७ मध्ये संसदेने ते एकमताने मानलं. पाळायला मात्र मानवी हक्क न्यायाधिकरणाचे आदेश लागले.

म्हणून माफीचं वजन मी तिच्या शब्दांत शोधत नाही. उत्तर ओंटारियोतलं वैद्यकीय विद्यालय २००५ मध्ये सुरू झालं. तिथे पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला चार आठवडे एखाद्या मूळ रहिवासी वस्तीत जाऊन राहावं लागतं. नाडी बघायला फारसं येत नाही अशा वयात तो तिथे जातो, पाहुणा म्हणून. ही गोष्ट छोटी दिसते, पण ब्राइसपासून पेटपर्यंत प्रत्येक डॉक्टर त्या वस्तीत शिरला तो अधिकारी म्हणून.

कॅनडाच्या दूरच्या वस्त्यांतल्या दवाखान्यांत आज भारतातून गेलेले डॉक्टरही आहेत, आणि त्यांत पुण्या-नागपुराकडचेही सापडतील. त्यांच्या मनात येऊ शकेल, की यात आपण कुठे होतो? आमच्या आजोबांनी कुणाचं दूध अडवलं नाही. बरोबर आहे. पण माफी व्यवसायाने मागितली आहे. समोरचा रुग्ण पांढऱ्या कोटाकडे बघतो, कोटातल्या माणसाचं आडनाव त्याला दिसत नाही. शाळेतला मारकुटा मास्तर कधीच गेला तरी त्याची खुर्ची पाहून पोटात गोळा येणारी माणसं आपल्या घरांतही असतात.

ओटावात बीचवूड नावाची मोठी दफनभूमी आहे. डंकन कॅम्बेल स्कॉट तिथेच आहेत आणि पीटर ब्राइसही. फर्स्ट नेशन्सच्या मुलांसाठी लढणाऱ्या सिंडी ब्लॅकस्टॉक यांच्या पाठपुराव्याने २०१५ मध्ये स्कॉट यांची माहिती देणारा फलक बदलला. आधी त्यात कवी होता, आता शाळाही आहेत. ब्राइस यांच्या कबरीजवळ त्यांच्या अहवालाविषयी नवा फलक आला आणि शेजारी टपालाची एक पेटी उभी राहिली. शाळकरी मुलं तिथे येतात आणि शंभर वर्षांपूर्वी खरं बोललेल्या डॉक्टरला लिहिलेली पत्रं त्या पेटीत टाकून जातात.